चिंचोके मोजणारे नाना

गेल्या महिन्यात माझ्या दुकानातलं जुनं मशीन मी शेवटी बंद केलं. भंगारवाल्याच्या हाती देण्याआधी झाकण उघडलं आणि आतून रॅमची एक हिरवी पट्टी तेवढी काढून घेतली. तिच्या कोपऱ्यात मार्करने बारीक 'बु.' असं लिहिलेलं आहे. नव्या मशीनला ती बसत नाही, विकायला काढली तर कोणी फुकट घेणार नाही. ती मी काउंटरच्या खणात, उदबत्तीच्या पुड्याशेजारी ठेवली आहे. एखादं गिऱ्हाईक विचारतं, "ताई, हे काय?" मी सांगते, "हे आमचे बुधाजी नाना."

नाना आता नाहीत. पण त्यांच्याबद्दल रडवेलं होऊन बोलायला मला जमत नाही, कारण त्यांची आठवण आली की आधी हसूच येतं.

माझं दुकान मुरबाडला, एस.टी. स्टँडच्या मागे. लग्नपत्रिका आणि बॅनर. नाना किन्हवलीच्या पलीकडच्या एका गावचे. तरुणपणी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही आले तेव्हा टीव्ही, मग शेतातले पंप, आणि पन्नाशी उलटल्यावर कॉम्प्युटर. कुठे क्लास नाही की काही नाही. बंद पडलेली मशीन घरी नेऊन उघडायची, बघायची, पुन्हा जोडायची. माझं मशीनही त्यांनीच जोडून दिलेलं. त्याच वेळी हुबेहूब तसंच एक त्यांनी स्वतःसाठी जोडलं आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता.

उंच, काटकुळे, पायात चपला, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत एक स्क्रूड्रायव्हर, एक रंगाऱ्याचा ब्रश आणि एक शाळकरी खोडरबर. पट्टीचे पितळी दात काळवंडले की ते खोडरबराने घासायचे आणि निम्मी मशीन तेवढ्यावरच चालू व्हायची. शर्ट मात्र खास शिवून घेतलेले, छातीवर दोन खिसे असलेले. शिंप्याने एकदा एकच खिसा लावला तर नानांनी शर्ट परत पाठवला होता. डाव्या खिशात चिंचोके असत. उजवा रिकामा असे.

आता हे चिंचोक्यांचं प्रकरण सांगते. आमच्याकडे कोणाचंही मशीन जरा मंद झालं की ज्याला त्याला एकच सुचतं, रॅम वाढवा. कोणी भाचा सांगतो, कोणी मोबाइलवर बघतो. नानांना बोलावलं की ते पट्टी घेऊन यायचेच नाहीत. हात हलवत यायचे आणि मालकाशेजारी खुर्ची ओढून बसायचे.

"तुमी तुमचं काम करा. मी नाय असं समजा."

आणि दिवसभर बसायचे. मालक माउस दाबून मशीनच्या तोंडाकडे बघत बसला की नाना डाव्या खिशातला एक चिंचोका उजव्या खिशात टाकायचे. मालकाचा फोन वाजला, चहा आला, शेजारी गप्पा मारायला आला, तर चिंचोका जागचा हलायचा नाही. "तुमी थांबता का मशीन थांबतं, ते आधी कळू दे," असं त्यांचं म्हणणं. दुपारी पिशवीतून तांदळाची भाकरी आणि सुकट काढून तिथेच जेवायचे. संध्याकाळची एस.टी. धरण्याआधी उजव्या खिशातले चिंचोके चहाच्या कपात ओतायचे. कप भरला तरच रॅम. नाही भरला तर हात झटकून उभे राहायचे आणि म्हणायचे, "नाय लागत."

कप कधी भरतच नसे. दिवसभर माणसं जितकी बोंब मारतात तितकं मशीन थांबत नाही, हा त्यांचा सिद्धांत होता. पुढे पुढे त्यांना 'नाय लागत' बोलायची अशी सवय लागली की जेवताना वाढायला आलेल्या बाईलाही ते हेच म्हणायचे. आठ वर्षांत 'लागतं' असं मी त्यांच्या तोंडून तीनदाच ऐकलं.

शहापूरला कॉम्प्युटरचे सुटे भाग विकणारा एक दुकानदार होता. नाना तिथे केबल घ्यायला जायचे आणि शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला न विचारता सांगायचे, "तुमाला हे नाय लागत." दोन-तीन गिऱ्हाइकं परत गेल्यावर दुकानदाराने हात जोडले. "नाना, तुमी रविवारी येत चला." नाना खरंच रविवारी गेले. रविवारी दुकान बंद असतं हे पाहून त्यांना विनोद कळला, आणि मग तो ते स्वतःच सगळ्यांना सांगत सुटले.

सरळगावच्या भातगिरणीवाल्याचा किस्सा तर आमच्या भागात सर्वांना माहीत आहे. त्याचं हिशेबाचं मशीन चालू व्हायला चहा होईपर्यंत वेळ घ्यायचं. रॅम घालायचीच, असं त्याने ठरवूनच टाकलेलं. नाना येऊन बसले. पाच चिंचोके टाकले, सहावा हातात घेतला आणि थांबले. मशीन उचलून अंगणात नेलं, झाकण काढलं आणि ब्रश फिरवला. आतून इतका तूस आणि कोंडा पडला की गिरणीवाल्याच्या कोंबड्या धावत आल्या. नाना म्हणाले, "शेठ, ह्याला रॅम नको, आंघोळ पायजे." त्या दिवसापासून मशीन सुरळीत चालतं आणि कोंबड्या नानांना बघितलं की मागे लागायच्या, असं गिरणीवाला सांगतो. दुसरा भाग त्याने पदरचा जोडला असणार.

पण नाना नुसते नन्नाचा पाढा वाचणारे नव्हते. सिद्धगडाच्या पायथ्याशी एक वाडी आहे, तिथली वनिता नावाची मुलगी. घरची मंडळी पावसाळा संपला की वीटभट्टीवर जायची. ही एकटी आजीजवळ राहून भरतीच्या परीक्षेची तयारी करत होती, कोणीतरी दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर. वाडीत नेटवर्क नाही, ते वर टेकडीवर मिळतं. हिने नानांना विचारलं, तर नाना म्हणाले, "चल, बसून बघू." गुडघे धरत टेकडी चढले आणि तिच्याशेजारी दगडावर बसले. लॅपटॉप पान उघडतोय तोवर नेटवर्क गायब. नेटवर्क आलं की लॅपटॉप गोठलेला. दुपार व्हायच्या आत नाना खाली उतरले आणि थेट माझ्या दुकानात आले. दोन्ही खिसे चाचपून म्हणाले, "बाय, चिंचोके संपले गो. तिला लागते." हे पहिलं 'लागते'. पट्टी कुठून आणली, कशी बसवली, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. वनिता आज वर्दीत आहे.

दुसरं 'लागते' माझ्या वाट्याला आलं. त्यासाठी आधी आमच्या बॅनरची रीत सांगायला हवी.

आमच्याकडे हळदीचा बॅनर म्हणजे डोक्यांचं काम. वर नवरदेव मोठा, आणि खाली ओळीने भावकी. शंभर-सव्वाशे डोकी सहज. पहिल्या ओळीत कोण, कोणाच्या उजव्या हाताला कोण, हे सगळं मानाप्रमाणे. लग्न ठरल्यापासून हळदीपर्यंत भावकीत कोणी ना कोणी रुसतंच. मग फोन येतो, "ताई, अमक्याला काढ." आठ दिवसांनी पुन्हा फोन, "ताई, अमक्याला घाल, समजूत पटली." आता फोटो काढून टाकला असेल तर तो परत मागावा लागतो. परत मागायचा म्हणजे आपण तो टाकून दिला होता हे कबूल करायचं, आणि मग नवा रुसवा. बरं, दुसरीकडे जपून ठेवावा तर त्याची ओळीतली जागा जाते. म्हणून मी कोणाला काढतच नाही. कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक फोटोपुढे एक छोटा डोळा असतो, तो बंद केला की फोटो दिसेनासा होतो, पण असतो जागच्या जागी. ओळीत भोक दिसू नये म्हणून तिथे मी झेंडूचं एक फूल ठेवते. माझ्या बॅनरवर झेंडू दिसला की ओळखावं, इथे कोणीतरी रुसलंय.

नानांच्या धाकट्या भावाच्या, जयरामकाकांच्या मुलाचं लग्न ठरलं. निलेशचं. बॅनरचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या ओळीत जयरामकाका आणि त्यांच्या उजव्या हाताला मोठा भाऊ म्हणून नाना. सगळं ठीक चाललं होतं आणि साखरपुडा झाला. अंगणात डीजेचे आठ बॉक्स लावलेले. व्याही मंडळी बसलेली. नाना आले, बॉक्सकडे बघितलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "जयराम, एवढं नाय लागत रे. दोन बास." व्याही हसले. बस्स, तेवढंच झालं. दुसऱ्या दिवशी जयरामकाकांचा मला फोन आला.

"बाय, दादाला काढ."

मी डोळा बंद केला आणि झेंडू ठेवला. वाटलं, आठ दिवसांत फोन येईल. तीन आठवडे झाले, फोन नाही. हळद दहा दिवसांवर आली. इकडे ती फाईल उघडली की माझं मशीन दर क्लिकला गोठायला लागलं. स्टँडसमोर नवं दुकान झालं होतं, त्यांचं मशीन नवं कोरं. माझी गिऱ्हाइकं बसून बसून तिकडे जाऊ लागली. रॅम घालायची की हा धंदाच आवरायचा, इथवर गोष्ट आली. या जुन्या मशीनची पट्टी बाजारात मिळणंही कठीण झालेलं. नानांशिवाय कोणाला विचारणार? विचारलं तर ते शेजारी बसणार आणि दिवसभर माझी स्क्रीन बघणार. आणि स्क्रीनवर तो झेंडू. मी दोन दिवस टाळलं, पण मग बोलावलंच.

नाना सकाळच्या गाडीने आले. मी मुद्दाम आधी पत्रिका काढल्या, मग वाढदिवसाचा एक बॅनर, मग उगीच जुनी बिलं. दुपारी भाकरी खाता खाता नानाच बोलले.

"निलेशचा बॅनर तुझ्याकडंच हाय ना गो?"

"हो नाना."

"जयराम बोलत नाय माझ्याशी. पण बॅनरवर घेतला असंल. सख्खा भाऊ हाय." जरा थांबून म्हणाले, "फोटो मात्र तो निळ्या शर्टातला दिला असंल. त्यात माझे डोळे मिटल्यात."

फोटो निळ्या शर्टातलाच होता.

शेवटी ती फाईल उघडावीच लागली. चिंचोके भराभर डावीकडून उजवीकडे जाऊ लागले. चार वाजेपर्यंत नानांनी कप मागवला, खिसा ओतला, तर कप पाऊण भरला. नानांनी भुवया उंचावल्या. "सरक जरा," म्हणाले आणि माउस हातात घेतला. बाजूच्या यादीत एकाखाली एक बंद डोळे बघून विचारलं, "ही सगळी कोण?"

मी रीत सांगितली. दर वेळी जुन्याच फाईलवर नवा बॅनर करते, त्यामुळे आठ वर्षांतले सगळे रुसलेले त्यात आहेत, हेही सांगितलं. नाना इतके हसले की डोळे पुसायला लागले. "अगो बाय, तुझं मशीन हळू नाय! ते सगळ्या भावकीचे रुसवे वाहतंय. ह्यांना डिलीट कर. रॅम नाय लागत."

आणि ते स्वतःच खालच्या ओळीपासून काढायला बसले. "ही तर लग्न होऊन उरणला गेली. काढ. हा कोण, मी वळखत पण नाय. काढ." मी म्हटलं, "नाना, त्यांच्या जागा जातील." त्यांनी लक्ष दिलं नाही. एकेक ओळ वर चढत ते पहिल्या ओळीपर्यंत आले. जयरामकाकांच्या उजव्या हाताला झेंडू.

"ह्या फुलाखाली कोण?"

"ते राहू द्या, नाना."

त्यांनी डोळ्यावर क्लिक केलं. मशीन गोठलं. आम्ही दोघं बघत बसलो. मला पळून जावंसं वाटत होतं. मग फोटो वरून खाली हळूहळू उतरू लागला. आधी पांढरे केस, मग कपाळ, मग मिटलेले डोळे, मग निळा शर्ट.

नानांच्या बोटांत एक चिंचोका होता, तो तसाच राहिला.

"डोळे खरंच मिटल्यात," ते म्हणाले.

त्यांचं बोट डिलीटच्या बटणावर गेलं. बोट तिथेच थोडा वेळ राहिलं आणि मग त्यांनी हात मागे घेतला. डोळ्यावर क्लिक करून स्वतःलाच पुन्हा बंद केलं. झेंडू परत आला.

"बाय, मघाशी काढलेली सेव्ह केलीस का?"

"नाही."

"मग सगळी परत आण. ती उरणची पण." ते उठले. पिशवी खांद्याला लावली. कपातले चिंचोके परत डाव्या खिशात ओतले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "रॅम घाल. लागते."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला आले तर नाना पायरीवर बसलेले. पिशवीतून भाकरीचा डबा काढला. आत भाकरी नव्हती, चंदेरी कागदात गुंडाळलेली पट्टी होती. खोडरबराने तिचे दात घासले आणि बसवली. मी कोपऱ्यातलं 'बु.' वाचलं आणि ही कुठली ते कळलं.

"नाना, ही तुमच्या मशीनमधली. तुमचं मशीन आता कसं चालणार?"

"मी दिवसभर दुसऱ्यांच्या मशीनपुढं बसतो. घरी मला नाय लागत."

मी डोळे पुसले. तेही त्यांना आवडलं नाही. "जयरामला काय सांगू नको," एवढं बजावून गाडीला गेले. मी हो म्हटलं नव्हतं.

दोन दिवसांनी जयरामकाका बॅनर शेवटचा बघायला आले. मी फाईल उघडली, चटकन उघडली. सगळ्या ओळी दाखवल्या, आणि मग मनाचा हिय्या करून पहिल्या ओळीतल्या त्या डोळ्यावर क्लिक केलं. पूर्वी यात पाच मिनिटं गेली असती आणि तेवढ्यात काका चिडून उठले असते. आता नाना एका क्षणात आले.

काका दचकले. "एवढ्या पटकन कसा आला हा?"

"नानांनी रॅम घातली. त्यांच्या स्वतःच्या मशीनची काढून."

"आणि त्याचं?"

"बंद आहे."

जयरामकाकांनी खुर्ची स्क्रीनजवळ ओढली. घसा खाकरला. "डोळे मिटलेलाच फोटो दिला मी," असं काहीसं पुटपुटले. मग माझ्यावरच डाफरले, "आणि ते फूल नको ठेवू बाय तिथं. फूल बरं नाय दिसत."

हळदीच्या दिवशी दुपारी मी स्वतः बॅनर घेऊन गावात गेले. पोरांनी तो मांडवाच्या तोंडाशी बांधला. थोड्या वेळाने नाना आले. इस्त्री केलेला, दोन खिशांचा पांढरा शर्ट. ते बॅनरखाली उभे राहिले आणि मान वर करून ओळी बघू लागले. पहिल्या ओळीवर आले, पुढे गेले, पुन्हा मागे आले. मी जवळ गेले तेव्हा विचारलं, "हँग झाला का गो?"

"नाही नाना."

त्यांनी मान डोलावली. त्यानंतर डोळ्यांच्या ऑपरेशनमुळे त्यांचं एस.टी.ने फिरणं थांबलं. फोनवर बोलायचे, पण प्रत्यक्ष मी त्यांना पाहिलं ते त्या दुपारचंच शेवटचं. म्हणून पुढचं मला नीट आठवतं. मांडवात डीजेवाला सामान उतरवत होता. जयरामकाका त्याच्याशेजारी कमरेवर हात ठेवून उभे. त्यांनी नानांना बघितलं. महिनाभर बोलणं नव्हतं.

"दादा," काकांनी तिथूनच आवाज दिला, "बॉक्स किती लावू रे?"

नानांनी अंगणाकडे बघितलं. बॉक्सकडे बघितलं. सवयीने हात डाव्या खिशाकडे गेला. मला वाटलं, आता बोलतात. मग हात खाली आला.

"आठ लाव," नाना म्हणाले. "लग्न हाय. लागतं."